भांडी समितीची प्लगइन पद्धत

मी नेमकं काय काम करतो हे घरात कुणालाच माहीत नाही, ही परिस्थिती मी चार वर्षं नीट सांभाळली होती. ती बिघडवायचं मला काही कारण नव्हतं. पण भाद्रपदातल्या एका सकाळी, कांद्याशिवायच्या पोह्यांवर खोबरं पसरता पसरता अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "आर्जव, दिवसभर कानाला ते लावून तू करतोस तरी काय रं?" आणि मी उत्तर दिलं. पुढे जे घडलं त्याची जबाबदारी मी त्या पोह्यांवर टाकू शकत नाही. पोहे चांगले होते.

अण्णा हळदीचे व्यापारी. हळकुंड मुठीत धरलं की ते कुठल्या शिवारातलं आहे हे सांगतात, आणि चुकत नाहीत. अशा माणसाला दिसत नाही, हाताला लागत नाही, अशी वस्तू समजावायची होती.

"अण्णा, गाणी रेकॉर्ड करायचं एक मोठं सॉफ्टवेअर असतं. त्यात बाहेरून छोटी छोटी सॉफ्टवेअर येऊन बसतात. एखादं आवाज घुमवतं, एखादं मागची पंख्याची घरघर काढून टाकतं. त्यांना प्लगइन म्हणतात. मी ते घरघर काढणारं लिहितो."

अण्णांनी घास गिळला. "मग पंखाच बंद करावा की."

माझ्या कारकिर्दीची इतकी थोडक्यात समीक्षा आजवर कुणी केली नव्हती. मी दुखावलो. आणि दुखावलेला माणूस उदाहरणं देतो.

सांगलीत विश्रामबागेला आमच्या जैन समाजाचं मंदिर आहे, त्याला आम्ही बस्ती म्हणतो. बस्तीच्या मागच्या खोलीत समाजाची भांडी असतात. पातेली, पराती, कढया, झारे, ओगराळी. प्रत्येकावर कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव कोरलेलं. कुणाच्याही घरी कार्य असलं की भांडी तिथूनच जातात. अण्णा त्या भांडी समितीचे अध्यक्ष. म्हणून मी भांडी घेतली.

"शेअर्ड लायब्ररी नावाचा एक प्रकार असतो. ती म्हणजे आपली भांड्यांची खोली. शंभर कार्यांना एकच मोठं पातेलं पुरतं, प्रत्येकाला वेगळं घ्यावं लागत नाही. पण कार्य ठरवतानाच 'पातेलं क्रमांक एक' गृहीत धरलेलं असतं. ते मिळालं नाही तर कार्य सुरूच होत नाही. आणि कुणी नाव तेच ठेवून पातेलं बदललं, तर—"

अण्णांचा चमचा थांबला. कारण वैशाखात हेच झालं होतं. एका दानशूर घराण्याने जुनं पितळी पातेलं क्रमांक एक काढून तिथे स्टीलचं ठेवलं होतं. नाव तेच, रुंदी चार बोटं जास्त. झाकण बसेना, तिवईवर ते टेकेना. सलग तीन लग्नांत आमटी कलंडली. तिसऱ्या लग्नात ती नवरदेवाच्या मामांच्या दिशेने कलंडली, आणि तो विषय अजून मिटलेला नाही.

"आणि तुझं ते प्लगइन?"

"प्लगइन म्हणजे बाहेरचा आचारी. त्याच्याकडे काय आहे हे यजमानाला आधी माहीत नसतं. यजमान विचारतो, 'जिलेबी जमते का?' जमत असेल तर तो सगळा सरंजाम पुढे ठेवतो. नसेल तर रिकामा हात दाखवतो. मग पंगत जिलेबीशिवाय उठते, पण लग्न मोडत नाही. या विचारपुशीला एक्स्टेंशन म्हणतात. प्रश्नांची नावं ठरलेली, उत्तरं दोनच."

(प्लगइनसुद्धा मुळात लायब्ररीच्याच प्रकारची फाईल असते, फरक फक्त कोण कुणाला कधी विचारतं एवढाच, हे मी सांगितलं नाही. अण्णांना पहिल्यांदाच काहीतरी पटत होतं आणि मला त्यात घरघर नको होती.)

अण्णांनी बशी पुसून संपवली. मग हात धुऊन म्हणाले, "हे रविवारी समितीत मांड."

समितीत अण्णा सोडून मत असलेला माणूस एकच, वीरधवलकाका. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. माझं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि वहीत लिहिलं: 'ठराव क्रमांक एक. भांड्यांची खोली बंद करून प्लगइन पद्धत अवलंबण्यात यावी. प्रत्येक कार्याआधी घरोघरी विचारपूस करून ज्याच्याकडे जे असेल ते आणवावे. पद्धतीचे जनक व संयोजक: चि. आर्जव.'

"काका, मी फक्त उदाहरण दिलं होतं."

"ठराव झाला. आता उदाहरण मागे घेता येत नाही."

खोली उघडायला तिघांच्या सह्या लागत होत्या. बंद करायला किती लागतील याचा नियमच नव्हता. म्हणून काकांनी प्रत्येक भांड्याच्या दात्याच्या वारसांकडून ना-हरकत मागवली. एका ओगराळ्याचे वारस जयसिंगपूर, पुणे आणि कॅनडा असे पसरले होते. कॅनडाची ना-हरकत ई-मेलने आली. काकांनी ती परत पाठवली, कारण तिच्यावर शिक्का नव्हता. कॅनडातल्या माणसाने शिक्का बनवून घेतला. ओगराळ्याच्या नावाने उठलेला तो परदेशातला पहिला शिक्का असावा.

खोली बंद झाली. भांडी पोत्यात भरून ठेवली होती, तेवढ्यात अण्णांच्या ओळखीच्या एका हळद गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न कोयनानगरला निघालं. भांडी मिळतील का, असं त्याने विचारलं. अण्णा म्हणाले, मिळतील की. आमच्या बस्तीची सगळी मोठी भांडी कार्तिकात बिरदेवच्या टेम्पोत बसून घाटाकडे जायची ठरली.

मला त्याची फिकीर नव्हती. मी तक्ता बनवण्यात गर्क होतो. चौसष्ट घरं, बारा प्रश्न. 'आपल्याकडे मोठे पातेले आहे काय? आहे / नाही. गॅसची भट्टी आहे काय? आहे / नाही.' असा तक्ता मी ऑफिसात केला असता तर बढती मिळाली असती. आठ दिवसांत सगळे कागद परत आले. चौसष्ट घरांनी बाराच्या बारा प्रश्नांना 'आहे' लिहिलं होतं.

मी शेजारच्या सुंदरीकाकूंकडे गेलो. त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीनशे माणसांचं पातेलं, दोन भट्ट्या आणि मंडप कुठे ठेवलाय हे मला बघायचं होतं.

"अरे, नाही कसं लिहायचं?" काकू म्हणाल्या. "समाजाचं काम. बरं दिसतं का?"

"पण काकू, तुमच्याकडे मंडप आहे का?"

"तुला लागला तर बघू की कुठून तरी. तू बस. चहा घेणार?"

"नको."

त्यांनी चहा ठेवला. तेव्हा मला कळायला हवं होतं. जगातल्या कुठल्याही ठिकाणी बनलेलं प्लगइन, त्याला जे येत नाही ते विचारलं की रिकामा हात दाखवतं; तोच सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे. तो पाया सांगली जिल्ह्यात कुणी खोदून पाहिलेला नव्हता.

आचारी नानासो म्हसवडचा. वीस वर्षं आमच्या समाजाची जेवणं करतोय. बस्तीच्या आवारात पाय टाकला की कांदा, लसूण आणि बटाटा हे तिन्ही शब्द विसरतो. मी त्याला तक्ता वाचून दाखवला.

"तीनशे पानं होतील?"

"व्हय की."

"भट्ट्या तुमच्या?"

"हायत्या की."

"हुग्गीचं पातेलं?" हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. तिच्याशिवाय आमच्याकडे जेवणाला जेवण म्हणत नाहीत.

"त्यात काय हाय, दादा. करू की."

त्याच्या शेजारी धोंडुबाई बसल्या होत्या. त्या त्याच्याबरोबर पुऱ्या लाटायला येतात. मी त्यांना विचारलं, "तीनशे पानांच्या पुऱ्या एकटीला जमतील?"

"न्हाई जमणार," धोंडुबाई म्हणाल्या. "आनि ह्येच्याकडं भट्टी योकच हाय. दुसरी माजी, ती फुटलीया."

माझ्या पद्धतीला संपूर्ण जिल्ह्यातून मिळालेलं हे एकमेव खरं उत्तर होतं. वीरधवलकाकांनी शेरा मारला, 'बाई सहकार्य करणाऱ्या वाटत नाहीत,' आणि त्यांचं नाव यादीतून कापलं. मी शेजारीच उभा होतो. मी काकांना पेन दिलं.

आता आक्काताई. अण्णांची थोरली बहीण, वय अडुसष्ट. कार्तिकातल्या अष्टाह्निकेत, म्हणजे आमच्या आठ दिवसांच्या पर्वात, त्यांनी आठ दिवसांचे उपवास धरले. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसातून एकदा. नवव्या दिवशी पारणं, आणि त्या निमित्ताने बस्तीत तीनशे माणसांचं जेवण. सकाळी अकरा वाजता. प्लगइन पद्धतीचा पहिला प्रयोग म्हणून समितीने हाच दिवस निवडला.

आदल्या दिवशी आक्काताई मला म्हणाल्या होत्या, "उद्या सगळ्यांबरोबरच बसीन म्हणते." ही गोष्ट मी घरात सांगितली. घरातून ती सुंदरीकाकूंकडे गेली. काकूंकडून बाहेर पडली तेव्हा तिचा नियम झाला होता: शेवटच्या माणसाच्या पानात वाढल्याशिवाय आक्काताई पारणं करणार नाहीत. वीरधवलकाकांनी तो ठराव क्रमांक दोन म्हणून नोंदवला. आणि आमच्याकडे दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. त्या दिवशी सूर्य सहा वाजून दोन मिनिटांनी मावळणार होता. म्हणजे पंगत त्याआधी उठली नाही तर आक्काताईंचा उपवास नवव्या दिवसातही जाणार होता. माझ्या उदाहरणामुळे.

सकाळी आठ वाजता घरोघरची भांडी यायला लागली. साडेआठला मी मोजली. छप्पन्न कुकर. एकतीस झारे. पोहे ठेवायचा एक डबा. मोठं पातेलं एकही नाही, कारण ते दुसरं कुणीतरी आणणार हे प्रत्येकाला माहीत होतं. नानासो एक भट्टी घेऊन आला.

"दुसरी?"

"ती धोंडुबाईची न्हवं का, दादा. तिला तुमी बोलवलंच न्हाई."

कोयनानगरचं लग्न आदल्या दिवशीच उरकलं असणार असं धरून मी बिरदेवला फोन लावला. "भांडी घेऊन कुठवर आलायस?"

"ह्ये काय, आलोच की दादा. पाटण वलांडलं."

अकरा वाजले. बस्तीच्या ओट्यावर आक्काताई पाटावर बसल्या होत्या. पांढरी साडी, समोर माळ. मी जवळ गेलो.

"होतंय ना रे, आर्जव?"

"होतंय, आक्काताई. अर्धा तास."

साडेबाराला परत फोन. बिरदेव म्हणाला, "कराड दिसालंय, दादा." पण त्याच्या आवाजामागे दुसरा आवाज होता. कुणाच्याही बोलण्यातून मागचा गोंगाट वेगळा काढणं यावर माझं पोट चालतं. मी कान लावला. मोठा हॉल, पत्र्याचं छत, वाईट स्पीकर, आणि त्यावरून येणारी मंगलाष्टकं.

"बिरदेव, कराडच्या रस्त्यावर लग्न लागतंय का?"

"रेडिओ हाय, दादा."

रेडिओवर भटजींनी नवऱ्या मुलीच्या मामांना लवकर यायला सांगितलं. मी फोन ठेवला. माझ्या चार वर्षांच्या विद्येचा घरच्या कामाला झालेला हा एकमेव उपयोग, आणि त्यातून कळलं ते एवढंच की पातेलं क्रमांक एकमध्ये या क्षणी कोयनानगरकरांचा मसालेभात शिजतोय. ते जेवणार, भांडी घासणार, मग तीन-साडेतीन तासांचा रस्ता. हिशेब सोपा होता. त्याच क्षणी मला कळलं होतं की हे जेवण वेळेत होणार नाही.

आक्काताईंनी मान वर केली. "होतंय ना?"

"होतंय. आता टेम्पो पोचेलच."

एकच्या सुमारास अख्खं आवार भुकेने कासावीस झालं. आठ दिवस उपाशी असलेल्या आक्काताई सोडून. वीरधवलकाका दोनदा पाणी पिऊन आले. सुंदरीकाकूंनी मग सल्ला दिला, "कुकर परत घरी न्या. घरोघरी शिजवा आणि घेऊन या." सल्ला उत्तम होता. मी दारोदार फिरलो. "आमटी होईल ना? भात होईल ना? किती वेळ लागेल?" सगळीकडून उत्तर आलं: हो, हो, वीस मिनिटं.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगणं भाग आहे. प्रत्येक प्लगइनला आवाज आत घेऊन बाहेर सोडायला थोडा उशीर लागतो. तो उशीर ते यजमानाला खरा सांगतं. मग यजमान बाकीच्यांना तेवढं रोखून धरतो आणि तबला, पेटी, गळा सगळं एकाच क्षणी कानाला पोचतं. दुसरी गोष्ट, ही सगळी विचारपूस सुरुवातीलाच उरकतात. एकदा आवाज सुरू झाला की विचारत बसायला वेळ नसतो. तुकडा वेळेत पोचला नाही की कानात खट् होतं, आणि ते खट् कुठलंही सॉफ्टवेअर परत घेऊ शकत नाही.

आमची वीस मिनिटं साडेतीन वाजेपर्यंत चालली. मग विश्रामबागेच्या गल्ल्यांतून बायका-पुरुष कुकर घेऊन येऊ लागले. पहिला उघडला. भात. दुसरा. भात. दहावा उघडेपर्यंत मी शांत होतो. चाळिसाव्याला नानासोने टोपी काढली. आमटी दुसरं कुणीतरी करणार हे प्रत्येकाला माहीत होतं. एकूण तीन घरांनी आमटी केली होती. हुग्गी कुणीच नाही. सातशे माणसांना पुरेल एवढा भात बस्तीच्या आवारात वाफाळत होता.

"भात-तूप वाढून पंगत उठवा," अण्णा हळूच म्हणाले.

"ठरावात 'पूर्ण पान' असं लिहिलंय," वीरधवलकाका म्हणाले. भुकेने त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण ठरावाची बाजू त्यांनी सोडली नाही.

नानासोने त्या एका भट्टीवर घरगुती पातेल्यांत आमटी लावायला सुरुवात केली. एकावेळी पंचवीस पानं. उकळी, वाढप, परत उकळी. अण्णा सकाळपासून उभे होते. आता ओगराळं घेऊन वाढत होते. पावणेसहाला एकशेऐंशी माणसं जेवून उठली होती. एकशेवीस उरली होती. ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीच्या खाली उतरलं होतं. मी दिवसभरात अकराव्यांदा ओट्याजवळ गेलो.

आक्काताईंचे ओठ कोरडे पडले होते. त्यांनी विचारलं नाही. नुसतं बघितलं.

मी तोंड उघडलं, तर त्यातून 'होतंय' बाहेर यायलाच लागलं होतं. ते मी धरून मागे ओढलं. चांगलं जड होतं.

"नाही, आक्काताई," मी म्हणालो. "होत नाहीय. होणार नाही."

सुंदरीकाकूंनी पदर तोंडाला लावला. वीरधवलकाकांनी हे इतिवृत्तात कसं घ्यायचं या विचाराने पेन वर धरलं.

"कधी कळलं तुला?" आक्काताईंनी विचारलं.

"साडेबाराला."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"तुमचा नियम—"

"कसला नियम?"

"शेवटचं पान वाढल्याशिवाय..."

"मी म्हटलं होतं सगळ्यांबरोबर बसीन. बरं वाटतं म्हणून." आक्काताईंनी माळ बाजूला ठेवली. "तू म्हणालास अकराला होतंय. बाराला म्हणालास, होतंय. म्हणून मी बसून राहिले. नाही म्हणाला असतास, तर पूजा झाल्या झाल्या घरी जाऊन पारणं केलं असतं. चौसष्ट घरांना कागद वाटलेस बाबा, मला एकदा विचारायचंस."

त्यावर माझ्याकडे दाखवायला रिकामा हातसुद्धा नव्हता. त्यात कुणीतरी दिलेला झारा होता.

सुंदरीकाकू धावल्या. सकाळपासून त्यांनी मुगाचं कढण चार वेळा गरम केलं होतं आणि नियमाच्या धाकाने चारही वेळा झाकून परत ठेवलं होतं. पाचव्यांदा ते बस्तीत आलं. आक्काताईंनी हात जोडले, दोन घोट कोमट पाणी घेतलं, मग चमचाभर कढण. घशाखाली उतरायला त्याला वेळ लागला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. दुसरा चमचा. मग त्या म्हणाल्या, "जरा आळणी आहे," आणि सुंदरीकाकू रडायला लागल्या.

दारापाशी एकशेवीस माणसं चपला शोधत होती. आक्काताईंनी तिथूनच एकाला विचारलं, "जेवलास का रे?"

"हो, हो. पोटभर. आमटी फार छान झाली होती." तो जेवला नव्हता. त्याच्यामागची बाई म्हणाली, हुग्गी तर अप्रतिम. एकशेवीस उपाशी माणसं एकामागोमाग एक जेवणाचं कौतुक करत बाहेर पडली. वीरधवलकाकांनी तर बासुंदीचं नाव घेतलं.

आवार मोकळं झालं. आक्काताईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा ओगराळं हातात घेऊन खांबाला टेकले होते.

"जवाहर, तू जेवलास का?"

माझे वडील एकसष्ट वर्षांचे आहेत. बाजारात, घरात, समाजात, त्यांना कुणी काही विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं मी कधी ऐकलेलं नाही. त्यांनी ओगराळं खाली ठेवलं.

"नाही, आक्का," ते म्हणाले. "सकाळपासून काही नाही."

"मग उभा काय राहिलायस? बस. सुंदरे, दोन वाट्या आण. आर्जव, तू?"

"नाही."

"तीन आण."

आम्ही ओट्यावर मांडी घालून बसलो. आक्काताईंनी पातेलीतलं कढण तिन्ही वाट्यांत सारखं ओतलं, स्वतःच्या वाटीतलं थोडं अण्णांना वाढलं. टाकीमागे आभाळ तांबडं झालं होतं. फाटकापाशी टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज आला. आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मी शेवटचा घोट घेतला तेव्हा दिवस होता की मावळला होता, हे मला आजही माहीत नाही. तिथे जे जे हजर होते त्यांना मी विचारून पाहिलं. सगळे म्हणाले, होता की.